एसव्हीटीची धडधड: पकडायची कशी, थांबवायची कशी आणि कायमची घालवायची कशी

छातीत धडधड कुणाला होत नाही? जिना चढलं, ताप आला, निकाल लागायचा असला की ठोके वाढतात आणि कारण संपलं की हळूहळू उतरतात. एसव्हीटी, म्हणजे सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, हे प्रकरण वेगळं. माणूस निवांत बसलेला असतो, किंवा खाली पडलेला चमचा उचलायला वाकतो, आणि एका क्षणात नाडी ८० वरून १८० वर जाते. कधी पाच मिनिटं, कधी दोन तास तशीच पळते आणि आली तशीच अचानक थांबते. दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल, बीपी नॉर्मल, आणि चिठ्ठीवर ‘अ‍ॅसिडिटी’ नाहीतर ‘टेन्शन’. बाई असेल तर ‘टेन्शन’ हमखास. गंमत म्हणजे या दुखण्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार बायकांमध्येच अधिक दिसतो.

हृदयाची रचना बाकी ठीक असेल तर एसव्हीटीने जीव जाणं फार क्वचित घडतं, आणि बहुतेकांचं हे दुखणं कायमचं बरं होऊ शकतं. तरीही माणसं दहा-दहा वर्षं त्यात काढतात, कारण धडधड चालू असतानाचा ईसीजी कुणी काढलेलाच नसतो. तो एक कागद हातात आला की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. म्हणून या लेखात मी त्या कागदाचा पिच्छा सोडणार नाही.

आधी ओळखा, ही धडधड कोणती

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोका जन्माला येतो आणि मधल्या एव्ही नोड नावाच्या एकाच वाटेने खालच्या कप्प्यांकडे उतरतो. काहींच्या एव्ही नोडजवळ एकाऐवजी दोन वाटा असतात, एक जलद आणि एक संथ. काहींच्या हृदयात वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा स्नायूचा एक जादा धागा जन्मापासून असतो. एखादा अवेळी ठोका पडला की वीजप्रवाह एका वाटेने खाली जातो, दुसरीने वर येतो आणि घाण्याच्या बैलासारखा गोल फिरत राहतो. प्रत्येक फेरीला एक ठोका. दोन वाटांच्या प्रकाराला एव्हीएनआरटी म्हणतात, जादा धाग्याच्या प्रकाराला एव्हीआरटी. फेरा कुठेतरी क्षणभर तुटला की सगळं थांबतं. फुंकर मारण्यापासून ते हृदयातली ती वाट जाळून बंद करण्याच्या अ‍ॅब्लेशनपर्यंत यातले जवळजवळ सगळे उपाय हा फेरा तोडण्याचे आहेत.

एसव्हीटीत ठोके बहुधा मिनिटाला १५० ते २५० असतात आणि घड्याळासारखे नियमित. मानेत काहीतरी उडतंय असं वाटणं, घशात ठोका जाणवणं, आणि धडधडीच्या अटॅकनंतर दोन-तीनदा भरपूर लघवी होणं या खुणा डॉक्टरांना आवर्जून सांगा. लघवीचं कुणी आपणहून सांगत नाही, पण ठोके पळताना वरचे कप्पे ताणले जातात, त्यातून लघवी वाढवणारं हार्मोन सुटतं. निदानाला त्याची मदत होते.

ठोके हळूहळू चढत आणि उतरत असतील तर शोध वेगळ्या दिशेने घ्यायचा: रक्त कमी आहे का, थायरॉइड वाढलंय का, अंगातलं पाणी कमी झालंय का. ठोके जलद पण वेडेवाकडे, कुठलाच ताल नसलेले असतील, विशेषतः साठीनंतर, तर तो एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, असू शकतो. त्यात पक्षाघाताचा धोका असतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न येतो. ज्यांना पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलाय किंवा ज्यांचं पंपिंग कमी आहे त्यांनी अचानक सुरू झालेली वेगवान धडधड घरी तपासत बसू नये. ती खालच्या कप्प्यांतून येणारी व्हीटी असू शकते आणि ती जीवघेणी ठरू शकते.

अटॅक सुरू झाला की

पहिल्यांदाच होत असेल तर घरगुती उपाय नकोत, सरळ जवळच्या ईसीजी असलेल्या दवाखान्यात जा. छातीत दुखतंय, दम लागलाय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बेशुद्धी आली, गरोदर आहात, किंवा हृदयाचा जुना आजार आहे, यांतलं काहीही असेल तरी तेच. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ लावा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, दुचाकी तर नाहीच.

निदान झालेलं आहे, डॉक्टरांनी करायला सांगितलंय आणि तब्येत स्थिर आहे, अशांसाठी सुधारित वल्साल्वा. वल्साल्वा म्हणजे श्वास रोखून जोर लावणं, कुंथणं. नुसतं बसून कुंथण्याची जुनी पद्धत फारशी लागू पडत नाही. इंग्लंडमध्ये ४२८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत जुन्या पद्धतीने १७ टक्के जणांचे ठोके ताळ्यावर आले, तर नंतर पाय वर उचलण्याच्या पद्धतीने ४३ टक्के जणांचे. ना औषध, ना खर्च. तरी आपल्याकडे ही पद्धत कुणी नीट दाखवून देत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

१. पलंगावर उशा लावून अर्धवट रेलून बसा. शेजारी एक माणूस हवा, ज्याला हे आधी समजावलेलं आहे.

२. सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज घ्या. नवीन सिरिंजचा दट्ट्या घट्ट असतो, तो एक-दोनदा मागेपुढे करून मोकळा करा.

३. सिरिंजच्या टोकाला तोंड लावून, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने सलग १५ सेकंद फुंका. गाल फुगवून उपयोग नाही, जोर छातीत आणि पोटात जाणवला पाहिजे.

४. फुंकणं संपल्याक्षणी शेजारच्याने तुम्हाला सपाट आडवं करायचं आणि दोन्ही पाय ४५ अंशांपर्यंत उचलून १५ सेकंद धरायचे. खरा परिणाम इथे होतो, त्यामुळे मध्ये वेळ घालवायचा नाही.

५. पुन्हा रेलून बसा, पाऊण मिनिट थांबा, नाडी बघा. नाही थांबली तर आणखी एकदा करा.

दोन प्रयत्नांत जमलं नाही तर तिसऱ्या-चौथ्यात रमू नका, निघा. काचबिंदू, मधुमेहाने खराब झालेला डोळ्याचा पडदा, अरुंद झालेली महाधमनीची झडप, नुकताच आलेला हार्ट अटॅक, गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने, यांत हा प्रयोग करू नये.

बर्फाच्या पाण्यात चेहरा बुडवून श्वास रोखणं हा दुसरा उपाय, तरुणांना चालतो. डोळ्यांची बुबुळं दाबणं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा, डोळा जाऊ शकतो. मानेची शीर चोळणं डॉक्टरांचं काम आहे, वयस्क माणसात त्यातून पक्षाघात होऊ शकतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं ‘जोरजोरात खोका, जीव वाचेल’ हे इथे विसरलेलं बरं.

नाडी मोजायला मनगटावर बोट ठेवून १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. १८० च्या वर हाताने मोजताना गोंधळ होतो. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल तर तो अंदाजाला पुरेसा आहे, पण ताल नियमित आहे की नाही हे बोटालाच कळतं.

दवाखान्यात पोचल्यावर

दारातच एक वाक्य बोला: “धडधड आत्ता चालू आहे, आधी ईसीजी काढा.” केस पेपर, वजन, बीपी हे सगळं त्यानंतर. रांगेत बसलात आणि धडधड आपोआप थांबली, तर आलेली संधी गेली.

बीपी ठीक असेल तर तिथेही आधी वल्साल्वा करतील. त्याने थांबलं नाही तर अ‍ॅडेनोसिनचं इंजेक्शन देतात: कोपराजवळच्या मोठ्या शिरेत ६ मिलिग्रॅम झटकन, पाठोपाठ सलाइनचा जोर, आणि गरज पडली तर १२ मिलिग्रॅम. औषध काही सेकंदांतच संपतं, म्हणून ते सावकाश दिलं तर हृदयापर्यंत पोचतच नाही. ते काही सेकंद मात्र वाईट असतात. छाती आवळते, चेहरा तापतो, ‘आता संपलं’ असं वाटतं. हे आधी माहीत असलेला माणूस कमी घाबरतो, त्यामुळे नर्सने सांगितलं नाही तरी लक्षात असू द्या. दमा असेल, किंवा डेरिफायलिनसारखी थिओफायलिन असलेली गोळी चालू असेल, तर इंजेक्शनआधी सांगा. दम्यात हे औषध टाळतात आणि थिओफायलिनमुळे त्याचा असर कमी होतो. अशा वेळी व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम शिरेतून देण्याचा पर्याय असतो. बीपी कोसळलेलं असेल तर वाट न पाहता गुंगी देऊन शॉक देतात.

इंजेक्शन देताना ईसीजीची पट्टी चालू ठेवा, अशी विनंती करा. ठोके कसे थांबले हे त्या पट्टीवर उमटतं आणि तज्ज्ञाला त्यावरून प्रकार ओळखता येतो. निघताना धडधडीचा ईसीजी, ही पट्टी आणि थांबल्यानंतरचा ईसीजी, तिन्ही मागून घ्या. ईसीजीचा कागद थर्मल असतो, काही महिन्यांत पुसट होतो आणि लॅमिनेशन केलंत तर उष्णतेने काळा पडतो. त्याच दिवशी फोनवर सपाट, स्पष्ट फोटो काढा आणि झेरॉक्स करून ठेवा. वेग तुम्हालाही काढता येतो: लागोपाठच्या दोन उंच टोकांमध्ये मोठे चौकोन किती ते मोजा आणि ३०० ला त्या आकड्याने भागा. दीड चौकोन असतील तर वेग २००.

तासभर १९० ने पळालेल्या हृदयाचं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) थोडं वाढलेलं दिसू शकतं, ईसीजीत रेषा खाली गेलेली दिसू शकते. त्याचा अर्थ दरवेळी ब्लॉकेज असाच नसतो. लगेच अँजिओग्राफी सुचवली तर वय, साखर, तंबाखू, घराण्यातला इतिहास हे धरून तिची गरज का आहे, हे शांतपणे विचारा.

धडधड हातात सापडतच नसेल तर

पाच मिनिटांत थांबणारे अटॅक असतील तर दवाखाना गाठणं शक्यच नसतं. २४ तासांचं होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर बाळगायचं ईसीजीचं यंत्र, रोज किंवा एक दिवसाआड धडधड होणाऱ्यांसाठी ठीक. महिन्यातून एकदा होणाऱ्यांच्या हाती त्यातून ‘नॉर्मल’ असा अहवाल येतो आणि घरच्यांची खात्री पटते की हे मनाचे खेळ आहेत. अशांनी एक-दोन आठवडे लावायच्या पॅच मॉनिटरबद्दल किंवा इव्हेंट रेकॉर्डरबद्दल विचारावं. ईसीजीची सोय असलेलं स्मार्टवॉच, किंवा बोटं टेकवून ईसीजी काढणारं छोटं यंत्र, हाही आता चांगला मार्ग आहे. घड्याळाचा स्वतःचा निष्कर्ष मनावर घेऊ नका, त्याचं सॉफ्टवेअर मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशन शोधायला बनवलेलं असतं. आपल्याला हवी ती रेघ. तिची पीडीएफ जपून ठेवा. नुसते ठोके मोजणाऱ्या स्वस्त बँडवर निदान होत नाही.

सोबत एक साधी वही ठेवा. तारीख, सुरुवात, शेवट, त्या वेळी काय करत होता, कशाने थांबलं. वाकल्यावर सुरू होणं ही अनेकांची तक्रार असते, पण ‘हे काय सांगायचं’ म्हणून ती राहून जाते.

तपासण्या फार लागत नाहीत. धडधड नसतानाचा ईसीजी, २डी इको (हृदयाची सोनोग्राफी), हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), पोटॅशियम. नॉर्मल ईसीजीने एसव्हीटी नाकारता येत नाही. मात्र काहींच्या नेहमीच्या ईसीजीत उंच टोकाच्या सुरुवातीलाच एक तिरकी चढण दिसते, तिला डेल्टा वेव्ह म्हणतात. १९३० मध्ये वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या डॉक्टरांनी वर्णन केलेला हा प्रकार डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणून ओळखला जातो. तुमच्या फाइलवर ही अक्षरं असतील तर गोष्ट वेगळी. अशा माणसाला कधी एट्रियल फिब्रिलेशन झालं, तर त्या जादा धाग्यातून ठोके बेफाम वेगाने खाली उतरू शकतात, आणि तेव्हा व्हेरापामिल किंवा डिगॉक्सिन दिलं तर जिवावर बेतू शकतं. पाकिटात ‘मला डब्ल्यूपीडब्ल्यू आहे’ अशी चिठ्ठी ठेवा आणि त्रास होत नसला तरी इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टला एकदा दाखवा. हा हृदयतज्ज्ञांमधला विजेच्या बिघाडाचा तज्ज्ञ. अँजिओप्लास्टी करणारा प्रत्येक डॉक्टर हे काम करत नाही.

गोळ्या की अ‍ॅब्लेशन

वर्षातून एखादा छोटा अटॅक, तोही फुंकून थांबतो, अशांनी काहीच न करणं हा मान्य पर्याय आहे. वारंवार होत असेल तर दोन वाटा.

गोळ्यांमध्ये मेटोप्रोलोलसारखे बीटा ब्लॉकर आणि व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम. गोळ्या अटॅक कमी करतात, मूळ वाट तशीच राहते. बीटा ब्लॉकरने थकवा, थंड हातपाय, विचित्र स्वप्नं हे होऊ शकतं. दम्यात तो जपून, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांत साखर उतरल्याची धडधड तो झाकून टाकतो. तो एकदम बंद करायचा नसतो. गावी जाताना गोळ्या घरी राहिल्या आणि चार दिवस खंड पडला, तर धडधड उसळून येऊ शकते. व्हेरापामिलने बद्धकोष्ठता ठरलेली. एका डॉक्टरची एक आणि दुसऱ्याची दुसरी अशी दोन्ही गटांची औषधं आपणहून एकत्र घेऊ नका, ठोके धोकादायक मंदावतात.

माझं मत विचाराल तर वारंवार त्रास होणाऱ्या तरुण किंवा मध्यमवयीन माणसाने आयुष्यभराच्या गोळ्यांआधी अ‍ॅब्लेशनचा विचार करावा. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वंही वारंवार होणाऱ्या एव्हीएनआरटी आणि एव्हीआरटीसाठी अ‍ॅब्लेशनच पुढे करतात. ‘हृदयात जाळतात’ हे ऐकून लोक बिचकतात, ते स्वाभाविक आहे. पण ही छाती उघडण्याची शस्त्रक्रिया नाही.

सहसा सहा तास उपाशी राहून जायचं असतं. चालू गोळ्या काही दिवस आधी बंद करायला सांगतात, कारण टेबलावर अटॅक आणून दाखवावा लागतो. तो आलाच नाही तर जाळायचं कुठे हे कळत नाही. जांघेत भूल देऊन शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात. माणूस बहुधा जागा असतो. मग मुद्दाम ठोके पळवतात, आणि तुमची ओळखीची धडधड सुरू झाली की “हीच का?” असं विचारतील. हा भाग ईपी स्टडी. फेरा सापडला की तारेच्या टोकाने काही मिलिमीटरचा भाग रेडिओफ्रिक्वेन्सीने तापवून निकामी करतात आणि पुन्हा अटॅक आणण्याचा प्रयत्न करतात. तो आला नाही की काम झालं. सगळं मिळून एक ते तीन तास. एव्हीएनआरटीत साधारण ९५ टक्क्यांहून अधिक जणांचं काम एकाच खेपेत होतं. शेकड्यात चार-पाच जणांना पुन्हा त्रास होऊ शकतो. शंभरात एकापेक्षा कमी जणांत मूळ वाटच दुखावते आणि पेसमेकर बसवावा लागतो. हा आकडा लहान आहे, पण संमतिपत्रावर सही करण्याआधी तो तुम्हाला माहीत असला पाहिजे. जागा अगदी नाजूक असेल तर जाळण्याऐवजी गोठवण्याची क्रायो पद्धत वापरतात. ती अधिक सुरक्षित, पण दुखणं परतण्याची शक्यता थोडी जास्त.

खर्चाचे प्रश्न आधीच विचारा. साधी पद्धत की थ्रीडी मॅपिंग (संगणकावर हृदयाचा नकाशा काढून)? कॅथेटर (हृदयात नेतात ती तार) नवा की निर्जंतुक करून पुन्हा वापरलेला? ईपी स्टडीत काही सापडलं नाही तर बिल किती? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचारा, आणि दाखल होण्यापूर्वी विचारा. मुंबईत महापालिकेच्या केईएममध्येही ही प्रक्रिया होते. गर्दी असते, पण तिथल्या डॉक्टरांचा हात रोजच्या सरावाचा असतो. कुठेही जा, ‘तुम्ही वर्षाला अशा किती करता?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका.

त्यानंतर चार-सहा तास पाय सरळ ठेवून पडायचं, बहुधा दुसऱ्या दिवशी घरी. जांघ काळीनिळी होते. आठवडाभर हंडा, सिलिंडर उचलू नका. जांघेत फुगवटा वाढत गेला, रक्त थांबेना, किंवा छातीत दुखू लागलं तर फोन न करता परत जा. पुढचे काही आठवडे एखादा ठोका चुकल्यासारखं, ‘आता सुरू होणार’ असं वाटतं आणि सुरू होत नाही. यालाच घाबरून माणसं ‘अ‍ॅब्लेशन फेल गेलं’ म्हणतात. पूर्वीसारखी सलग धडधड आली तरच ईसीजी घेऊन जा.

तोवरचे दिवस

चहा सोडायची गरज बहुतेकांना नसते. दोन कपांनी काही होत नसेल तर प्या. एनर्जी ड्रिंक, दारू, तंबाखू आणि मिश्री यांचं मात्र तसं नाही. सर्दीसाठी मेडिकलमधून गोळी घेताना तीत फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन नाही ना, हे वेष्टनावर बघा. दम्याचा पंप धडधड वाढवू शकतो, पण तो स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगून बदला. हरतालिकेचा किंवा एकादशीचा निर्जळी उपास आणि त्यात जागरण ही जोडी वाईट. पाणी पिऊन उपास करा, घरातल्या मोठ्यांना डॉक्टरांचं नाव सांगा.

व्यायाम बंद करू नका. धडधडीत चक्कर येत असेल तर एकट्याने पोहणं, उंचावर चढणं आणि गाडी चालवणं मात्र इलाज होईपर्यंत थांबवा. गाडीवर असताना सुरू झालं तर आधी कडेला घ्या.

मूल होण्याचा विचार असेल तर अ‍ॅब्लेशन त्याआधी उरकणं सोयीचं, कारण गरोदरपणात अटॅक वाढू शकतात आणि औषधं मोजकीच चालतात. तेव्हा अटॅक आलाच तर अ‍ॅडेनोसिन देता येतं, बाळासाठी ते सुरक्षित मानलं जातं.

तान्हं बाळ ‘धडधडतंय’ म्हणून सांगत नाही. ते दूध ओढताना दमतं, घामाघूम होतं, किरकिर करतं, फिकट पडतं. झोपलेल्या बाळाची छाती हाताला फडफडल्यासारखी लागली, किंवा ठोके २२० च्या वर मोजले गेले, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्रीच बालरोग विभाग असलेल्या रुग्णालयात न्यायचं.